गळ्यातल्या बिल्ल्यावरचे कलम

काळे पाणी म्हटले की मराठी माणसाला सेल्युलर जेल आठवते आणि त्या कोठड्यांत कोंडलेले सावरकर बंधू आठवतात. ते आठवावेतच. ‘माझी जन्मठेप’ वाचून तीन-चार पिढ्या वाढल्या आहेत. पण १८५८ पासून दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडापर्यंत अंदमानात जी माणसे उतरवली गेली त्यांची संख्या ८०,००० च्या आसपास जाते. सत्तावन्नचे बंडवाले त्यांतून वगळले, पुढच्या काळातले क्रांतिकारक वगळले, तरी बेड्यांसकट बोटीत चढलेला मोठा जमाव उरतोच. त्यात खुनी होते, दरोडेखोर होते, नवऱ्याला विष घातल्याचा आरोप सिद्ध झालेल्या बायका होत्या. आणि चोर होते. दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा पकडले गेलेले, एरवी ज्यांची दखल गावच्या चावडीपलीकडे कोणी घेतली नसती असे साधे चोर.

पुढची पाने या चोराविषयी आहेत. त्याचा पुतळा कोणी उभारला नाही, आणि उभारावा असे माझे म्हणणेही नाही. त्याने चोरी केली होती. परंतु त्या चोरीची जी किंमत त्याच्याकडून वसूल झाली, तिचा हिशोब आपल्याकडे नीट मांडला गेलेला नाही. तो धाराशिव जिल्ह्याच्या भूमीवर उभे राहून मांडावा असे मला वाटते. ही निवड सोयीची नाही, कारण या जिल्ह्याचा बहुतेक भाग निजामाच्या राज्यात होता आणि अंदमानची बोट इंग्रजी मुलखातल्या कैद्यांना घेऊन जात असे. तरीही चोर, कायदा, हद्द आणि लेखणी या चारही गोष्टी ज्या तऱ्हेने या जिल्ह्यात एकमेकींना भेटल्या, तशा महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच भेटल्या असतील.

आधी कायदा. भारतीय दंडसंहिता १८६० साली मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिच्या ३७९ व्या कलमात साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. चोरलेल्या वस्तूची किंमत काय, हे ते कलम विचारत नाही. पितळी लोटा असो, मेंढी असो, खळ्यावरची जोंधळ्याची पाटी असो की यात्रेच्या गर्दीत कापलेला कसा असो, कलम तेच. राहत्या घरातून वस्तू उचलली तर ३८० वे कलम लागते आणि कैद सात वर्षांपर्यंत जाते. मग ५९ वे कलम पाहावे. ज्याला सात वर्षे किंवा त्याहून अधिक कैद देता येते, त्याला कैदेऐवजी तेवढ्याच मुदतीसाठी समुद्रापार पाठवण्याची मुभा त्यात न्यायाधीशाला होती. आणि सगळ्यांत जड ते ७५ वे. मालमत्तेविरुद्धच्या किंवा नाण्या-शिक्क्यांच्या ज्या गुन्ह्याला तीन वर्षांची कैद होऊ शकते, असा गुन्हा एकदा शाबीत झालेला माणूस पुन्हा तसल्याच गुन्ह्यात सापडला, तर त्याला आजन्म काळ्या पाण्याची शिक्षा देता येत होती.

देता येत होती, म्हणजे द्यावीच लागत होती असे नव्हे. १८६४ च्या कायद्याने चोरीला फटक्यांची शिक्षाही आली होती आणि पुष्कळ चोर पाठीवर वळ घेऊन घरी परतले. पण माणसाचे उरलेले आयुष्य न्यायाधीशाच्या त्या दिवशीच्या मताशी बांधले गेले होते. पहिली चोरी दुष्काळाच्या साली, दुसरी बायकोच्या बाळंतपणाच्या वेळी, असला खुलासा ७५ व्या कलमाच्या कामाचा नव्हता. ते फक्त मोजत असे. एक झाली, ही दुसरी.

सरकारला ही शिक्षा का हवी होती, याचे कागदावरचे कारण धाक हे होते. समुद्र ओलांडला की हिंदूची जात जाते, म्हणून फाशीपेक्षाही तो या शिक्षेला भितो, असे कंपनीचे अधिकारी एकमेकांना लिहीत. त्यात तथ्य असेलही. मात्र धाकाच्या जोडीला गरज होती हातांची. बेनकुलेनला १७८७ पासून, त्यानंतर लवकरच पेनांगला, १८१५ पासून मॉरिशसला, १८२५ पासून सिंगापूरला हिंदुस्थानातले कैदी गेले ते ओसाड बेटांवर रस्ते, पूल आणि धक्के बांधायला मजूर मिळत नव्हते म्हणून. सिंगापूरचे सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल आणि गव्हर्नरचे निवासस्थान या कैद्यांच्या हातचे आहे. १८३६ साली चार्ल्स डार्विन जगप्रवासाच्या शेवटच्या टप्प्यात मॉरिशसला उतरला, तेव्हा पोर्ट लुईच्या आसपास खपणारे हे हिंदी कैदी त्याने पाहिले. तिथे असे सुमारे ८०० कैदी असल्याचे त्याने नोंदवले, आणि हिंदुस्थानचे लोक दिसायला इतके भारदस्त असतात याची आपल्याला कल्पना नव्हती, अशा अर्थाचे लिहिले. कोण होती ती माणसे? बंगालची होती, तशी मुंबई इलाख्यातलीही होती. बहुतेकांच्या बाबतीत आपल्यापाशी डार्विनच्या त्या चार ओळींइतकाही मजकूर नाही.

आता धाराशिव. २१ मे १८५३ रोजी निजाम आणि कंपनी यांच्यात तह झाला. हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चाची थकबाकी भागवण्यासाठी निजामाने वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा मुलूख कंपनीच्या ताब्यात दिला. बोरी नदीच्या काठच्या ज्या किल्ल्यात इब्राहिम आदिलशहाच्या काळचा पाणीमहाल आहे, त्या नळदुर्गात कंपनीची कचेरी आली. डिसेंबर १८६० च्या तहाने हा मुलूख निजामाला परत मिळाला. म्हणजे दंडसंहिता लागू व्हायच्या सुमारे वर्षभर आधी धाराशिव तिच्या हद्दीबाहेर पडले, आणि हैदराबाद संस्थान संपेपर्यंत बाहेरच राहिले.

इकडच्या लोकांच्या तोंडी या दोन हद्दींना दोन नावे होती. निजामाची ती मोगलाई आणि इंग्रजांचा तो खालसा मुलूख. बार्शी, करमाळा, सोलापूर खालसात. परंडा, भूम, कळंब, तुळजापूर मोगलाईत. जमीन एक, बोली एक, सोयरिकी एक. बार्शीच्या बाजारात बालाघाटावरचा कापूस आणि धान्य उतरे, भगवंताच्या यात्रेला दोन्हीकडचे लोक जात, तुळजापूरच्या भवानीला खालशातून कोजागिरीला माणसे पायी येत. चोरीही दोन्हीकडे होई. तुळजापूरच्या गर्दीत कोणी कमरेचा कसा कापला आणि पकडला गेला, तर तो निजामाच्या अमीनाच्या हाती जाई आणि निजामाच्या तुरुंगात बसे. तोच माणूस बार्शीच्या बाजारात दोनदा सापडला, तर दुसऱ्या वेळी त्याच्यापुढे ७५ वे कलम उभे राही. हात तोच, वस्तू तीच, आणि मध्ये काही कोसांची वाट. न्यायाचा विचार करणाऱ्याने या वाटेवर थोडे थांबले पाहिजे असे मला फार वाटते. चोरी करणे वाईट, हे दोन्ही राज्यांत सारखेच मान्य होते. समुद्र मात्र एकाच राज्याकडे होता.

१८५३ मध्ये नळदुर्गचा कारभार ज्याच्याकडे आला तो डेप्युटी कमिशनर होता फिलिप मेडोज टेलर. लिव्हरपूलमध्ये १८०८ साली जन्मलेला हा माणूस पंधराव्या वर्षी मुंबईला आला, निजामाच्या नोकरीत शिरला आणि तरुणपणी त्या राज्याच्या नैऋत्य भागात पोलिसांचे काम करीत हिंडला. त्याला इथली भाषा येत होती. रयतेबद्दल त्याला खरा जिव्हाळा होता हे त्याच्या आत्मचरित्रावरून जाणवते, आणि तुळजापूर त्याच्या मनात इतके घर करून होते की १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘तारा’ या कादंबरीची सुरुवात त्याने तिथेच केली. पण त्याचे नाव जगभर झाले ते १८३९ च्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ने. अमीर अली नावाचा ठग माफीचा साक्षीदार होऊन साहेबापुढे बसला आहे आणि शेकडो पाने आपल्या खुनांची हकीकत सांगतो आहे, अशी त्या कादंबरीची मांडणी आहे.

ठग आणि भुरटा चोर यांत जमीन-अस्मानाचे अंतर, हे मला मान्य आहे. टेलरला इथे आणले आहे ते वेगळ्या कारणासाठी. ठगांच्या बंदोबस्तासाठी कंपनीने १८३६ मध्ये जो कायदा केला, त्यात अमुक दिवशी अमुक माणसाचा खून केला हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले की जन्मठेप. एका भयंकर गुन्ह्यासाठी घडवलेली ही युक्ती तिथेच थांबली असती तर गोष्ट वेगळी. ती खाली उतरत गेली. आधी दरोडेखोरांच्या टोळ्यांना लागली, दंडसंहितेत चोरांच्या टोळीत असणे हा स्वतंत्र गुन्हा झाला, आणि १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला, तेव्हा तर माणूस कोणत्या आईच्या पोटी जन्मला एवढ्यावर त्याचे नाव पोलिसांच्या रजिस्टरात चढू लागले. चोर हा चोरीमुळे ठरत होता, तो आता जन्मामुळे ठरू लागला. दुसरी गोष्ट लेखणीची. अमीर अली मोठ्या रसाळपणे बोलतो, पण त्याचे बोलणे साहेबाने लिहिले आहे. गुन्हेगाराच्या तोंडून हिंदुस्थानाची ओळख करून देणारी ती पहिली गाजलेली इंग्रजी कादंबरी, आणि तीत गुन्हेगाराला स्वतःचा असा शब्द नाही.

काळ्या पाण्यावर गेलेल्या माणसाची सरकारी नोंदही अशाच दुसऱ्याच्या हाताची. नाव, बापाचे नाव, जात, गाव, उंची, रंग, अंगावरच्या खुणा, गोंदण, गुन्हा, शिक्षा. कपाळावर जखमेचा व्रण, डाव्या दंडावर मारुती गोंदलेला, उजव्या पायाचे बोट तुटके, असल्या नोंदींवरून पळालेला कैदी ओळखता यावा यासाठी हे लिहून ठेवत. व्रण कशाने झाला हे कारकुनाने विचारले नाही. आज तो शरीराचा नकाशाच आपल्या हातात आहे आणि त्यावरून माणूस कसा होता ते ताडायचे आहे.

त्याचा प्रवास मात्र पुष्कळसा ठाऊक आहे. जिल्ह्याच्या तुरुंगात शिक्षा लागली की त्याला ठाण्याच्या तुरुंगात आणत. तिथे इलाखाभरातले जन्मठेपेचे कैदी जमा होत आणि त्यांचे चलान निघे. पुढच्या काळात ठाण्याहून रेल्वेने मद्रास आणि मद्रासहून बोट असा मार्ग होता. सावरकरांना १९११ मध्ये याच वाटेने ‘महाराजा’ बोटीवर चढवले. सोलापूरकडच्या ज्या माणसाने भीमा आणि सीना यांच्यापलीकडे पाणी पाहिले नव्हते, त्याला बोटीच्या तळाशी बेड्यांत बसून बंगालचा उपसागर ओलांडावा लागे. सगळ्या जाती एकाच पिंजऱ्यात, एकाच पिंपातले पाणी. जात जाण्याची जी भीती कागदावर लिहिली होती ती बंदर सुटताक्षणीच खरी होऊन जाई, आणि मग तिचे काही उरत नसे. अंदमानात जन्मलेल्या पुढच्या पिढ्यांत जातीची बंधने सैल झाली याची मुळे या बोटींत आहेत.

अंदमानची वसाहत १० मार्च १८५८ रोजी सुरू झाली. डॉक्टर जेम्स पॅटिसन वॉकर २०० कैदी घेऊन ‘सेमिरामिस’ बोटीने तिथे पोचला. त्याआधी १७८९ मध्ये केलेला प्रयत्न तापाने माणसे मरू लागल्यावर सात वर्षांत सोडून द्यावा लागला होता. या वेळी सोडला नाही. चिखलात उभे राहून जंगल तोडायचे, दलदल भरायची, रॉस बेटावर साहेबांचे बंगले उभारायचे, आणि रात्री साखळीत झोपायचे. पहिल्या काही महिन्यांत जे जंगलात पळाले त्यांतले काही आदिवासींच्या बाणांनी मेले, आणि जे परत आले त्यांतल्या ८६ जणांना वॉकरने फासावर दिले. सेल्युलर जेल फार उशिरा, १८९६ ते १९०६ या वर्षांत बांधले गेले. म्हणजे काळ्या पाण्याची निम्म्याहून अधिक कहाणी त्या तुरुंगाच्या आधीची आहे. तोवर सगळे बेटच तुरुंग होते आणि भिंतीचे काम समुद्र करीत होता.

नव्या कैद्याच्या गळ्यात लाकडी बिल्ला अडकवत. त्यावर त्याचा नंबर, ज्या कलमाखाली शिक्षा झाली ते कलम, शिक्षेची तारीख. जन्मठेप असेल तर सुटकेची तारीख रिकामी किंवा फार दूरची. जेवताना, झोपताना, मलेरियाच्या तापात कण्हताना हा बिल्ला छातीवर असे. या पुस्तकाचे नाव त्यावरून घेतले आहे. मनुष्याने आयुष्यात पुष्कळ गोष्टी केलेल्या असतात; नांगर धरलेला असतो, पोरांना खांद्यावर घेतलेले असते, वारी केलेली असते. बिल्ल्यावर त्यांतली एकच.

पुढे तिथे एक पायऱ्यांची रचना बसली. सुरुवातीची वर्षे टोळीत कष्टाची. सेल्युलर जेल झाल्यावर पहिले सहा महिने कोठडीत, आणि तिथे कोलूला जुंपले तर दिवसाला ३० पौंड खोबरेल तेल गाळून द्यायचे. वर्तन चांगले राहिले तर बाहेर बराकीत राहून काम, नंतर कैद्यांतूनच नेमलेला वॉर्डर, टिंडल, पेटी ऑफिसर, जमादार. कैद्यावर कैद्यानेच पहारा करायचा ही पद्धत सिंगापूरहून आली होती, आणि या बढत्यांत चोराचा नंबर मागे लागे. अंदमानातल्या अधिकाऱ्यांच्या लिखाणात एक मत वारंवार भेटते: खुनी माणूस एकदा रागाच्या भरात चुकलेला असतो, त्याच्यावर भरवसा ठेवता येतो, सराईत चोरावर नाही. म्हणून शेताच्या बांधावरून भावाचे डोके फोडणारा मुकादम होई आणि दोनदा मेंढ्या चोरणारा त्याच्या हाताखाली माती वाही. मला या संपूर्ण इतिहासात सगळ्यांत बोचते ती ही जागा. गुन्ह्यांची उतरंड गावात एक होती, बेटावर तिच्या बरोबर उलटी झाली.

दहा वर्षे निभावली, ताप आणि अतिसार यांतून वाचला, तर कैद्याला तिकीट मिळे. तो स्वतःच्या पोटापुरते कमवू शके, गाय ठेवू शके, जमिनीचा तुकडा कसू शके. घरून बायकोला बोलावण्याची सोय कागदावर होती, पण फार थोड्या आल्या. दुसरा मार्ग बेटावरच्या बायकैद्यांपैकी एकीशी लग्नाचा. ठरावीक वर्षे भरलेल्या बायकांना लग्नाची परवानगी मिळे आणि अधिकाऱ्याच्या मंजुरीने संसार उभा राही. मराठी, तेलुगू, पंजाबी, बंगाली अशी माणसे एकमेकांशी मोडक्या हिंदुस्थानीत बोलत संसार करीत, आणि त्यांची मुले सरकारी कागदांत ‘लोकल बॉर्न’ म्हणून नोंदली जात. पोर्ट ब्लेअरच्या आसपासच्या गावांत आज त्यांचे वंशज आहेत. पणजोबा कोणत्या गावचे, हे त्यांतल्या अनेकांना सांगता येत नाही.

इकडे गावात काय होत असेल? बेटावरून वर्षाला एक पत्र धाडता येई. निरक्षर कैद्याला ते दुसऱ्याकडून लिहवून घ्यावे लागे, आणि ते गावात आले तरी वाचून दाखवायला कुलकर्ण्याकडे जावे लागे. त्यामुळे बायकोला जे सांगायचे ते दोन परक्यांच्या तोंडून जाई. ती धड सवाष्णही नाही आणि विधवाही नाही. ज्या जातींत पाट लावण्याची चाल होती तिथे काही वर्षांनी भावकी तिचा पाट लावून देई; जिथे नव्हती तिथे ती कुंकू लावून कोणाची तरी भाकरी थापत म्हातारी होई. जमीन असलीच तर भावांच्या नावावर चढे. मुदतीआधी पळून घरी आला तर दंडसंहितेचे २२६ वे कलम त्याला पुन्हा आजन्म काळ्या पाण्यावर धाडायला तयार होते. वीस-पंचवीस वर्षांनी रीतसर सुटून आला तर गाव ओळखत नसे. पुष्कळांनी सुटका झाल्यावरही बेटावरच राहणे पसंत केले ते यामुळे.

ऑस्ट्रेलियाची हकीकत यासोबत ठेवून पाहिली की मन अस्वस्थ होते. १७८८ ते १८६८ या ८० वर्षांत ब्रिटन-आयर्लंडमधून तिकडे सुमारे १,६२,००० कैदी नेले, आणि त्यांतले बहुतेक चोरीचेच होते. कापडाचा तागा, चमचे, मेंढी. शंभर वर्षे तिथल्या घरांनी हा पूर्वज लपवला. आता त्याचा शोध लावून लोक अभिमानाने सांगतात, त्याच्या बोटीची यादी भिंतीवर लावतात, आणि कैद्यांच्या ११ जागांना २०१० मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आहे. आपल्याकडे सेल्युलर जेल राष्ट्रीय स्मारक झाले ते स्वातंत्र्यवीरांचे म्हणून, आणि ते योग्यच झाले. पण शेजारच्या व्हायपर बेटावर साखळीत राबलेल्या, गळ्यात चोरीचे कलम घातलेल्या माणसाला आपला म्हणणारे घर महाराष्ट्रात मला भेटलेले नाही.

१९१९-२० च्या तुरुंग समितीने अंदमानला कैदी पाठवणे थांबवण्याची शिफारस केली. अंमल रखडत झाला, १९३२ मध्ये राजबंद्यांसाठी ते दार पुन्हा उघडले, आणि वसाहत कायमची मोडली ती १९४५ मध्ये. ‘काळे पाणी’ ही शिक्षा कायद्यातून १९५५ च्या दुरुस्तीने गेली आणि तिच्या जागी आजन्म कारावास आला.

समुद्र बाजूला होत होता, तेव्हा तारेचे कुंपण येत होते. गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ मध्ये नव्याने झाला आणि मुंबई इलाख्यात लागू झाला. ओ. एच. बी. स्टार्ट नावाच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली इलाख्यात वसाहती उभ्या राहिल्या, त्यांतली मोठी सोलापूरला. तारेच्या आत पारधी, कैकाडी, मांग गारुडी, भामटे अशा जमातींची कुटुंबे, सकाळ-संध्याकाळ हजेरी, दिवसा गिरणीत काम. सोलापुरात त्या भागाला अजून सेटलमेंट म्हणतात. तारेबाहेर गावोगाव राहणाऱ्यांना पोलीस पाटलाकडे हजेरी लावावी लागे आणि दुसऱ्या गावी जायचे तर पास घ्यावा लागे. उत्तरेतल्या भांतू जमातीच्या बाबतीत तर तार आणि समुद्र एकत्रच आले: १९२६ पासून त्यांची कुटुंबे अंदमानात नेऊन वसवली गेली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमातींना विमुक्त हे नाव मिळाले. पोलिसांच्या डोक्यातली यादी मात्र त्या दिवशी फाडली गेली नाही. धाराशिव जिल्ह्यात आजही कुठे घरफोडी झाली की रात्री जीप आधी कोणत्या पालांवर जाते, हे जिल्ह्यातल्या कोणालाही विचारावे.

आणि याच जिल्ह्याने तो माणूस दिला ज्याने ही गोष्ट पहिल्यांदा आतून सांगितली. लातूर तालुक्यातले धनेगाव १९८२ पर्यंत उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात होते. तिथल्या लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये आले आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. उचलेगिरीवर पोट भरणाऱ्या घरात जन्मून शाळेत गेलेल्या, सूतगिरणीत कामाला लागलेल्या माणसाचे ते आत्मकथन आहे. चोरीचे समर्थन त्यात नाही आणि चोरीबद्दलचे रडगाणेही नाही. भूक आहे, मार आहे, पोलीस आहेत, आणि चोरी ही हुनरासारखी शिकवली जाते तेव्हा लहान मुलाच्या अंगावर काय उमटते ते आहे. टेलरच्या अमीर अलीपासून ‘उचल्या’पर्यंत जवळजवळ दीडशे वर्षे गेली. एवढ्या काळात या भूमीतल्या चोराविषयी साहेबाने लिहिले, कारकुनाने लिहिले, गॅझेटियरवाल्याने लिहिले. कादंबरी, रजिस्टर आणि अहवाल या तिन्हींत जे सापडत नाही ते ‘उचल्या’त आहे, आणि मी काळ्या पाण्याच्या नोंदी वाचायला शिकलो तो ‘उचल्या’ वाचल्यानंतर. व्रणाची नोंद दिसली की तो कशाचा असेल, हा प्रश्न तेव्हापासून मनात येऊ लागला.

कोणी म्हणेल, झाले गेले, आता कशाला उकरायचे. तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे १३ वे कलम उघडून पाहावे. जुने ७५ वे कलम तिथे आहे. पूर्वी शिक्षा झालेला माणूस मालमत्तेच्या तसल्याच गुन्ह्यात पुन्हा दोषी ठरला, तर आजन्म कारावास किंवा दहा वर्षांपर्यंत कैद. समुद्र तेवढा गेला आहे. या कलमाखाली उभा राहणारा माणूस कोणत्या वस्तीतून येतो, त्याला वकील कसा मिळतो, पहिली शिक्षा त्याने कशी आणि कोणाच्या सांगण्यावरून कबूल केली होती, हे प्रश्न १८६२ इतकेच ताजे आहेत. तुळजापूर तालुक्यातल्या यमगरवाडीला पारधी आणि इतर विमुक्त मुलांची जी निवासी शाळा आहे, तिथे शिकणाऱ्या पोरांपैकी कोणाला पुढे वकील व्हावेसे वाटले तर या पुस्तकातले दंडसंहितेचे प्रकरण त्याने आधी वाचावे, अशी माझी इच्छा आहे.

वाचकांना एक विनंती. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र शासनाचे पुराभिलेखागार आहे आणि मुंबई सरकारच्या न्यायखात्याचे जुने खंड तिथे पाहता येतात. निजामाच्या राज्याचे दप्तर हैदराबादला आहे. अशा दप्तरांत माणूस शोधायचा तर चार गोष्टी हाती लागतात: नाव, बापाचे नाव, जात आणि गाव. ज्यांच्या घरात एखाद्या पणजोबाबद्दल ‘परमुलखात गेला, परत आला नाही’ एवढेच सांगितले जाते, आणि पुढे विचारले की म्हातारी माणसे विषय बदलतात, त्यांनी या चार गोष्टी आणि अंदाजे साल वहीत टिपून ठेवावे. सांगणारे वारले की गावाचे नावही जाते, आणि गावाचे नाव नसेल तर सखाराम बिन तुकाराम शेकड्यांनी सापडतात.